नावं घेणारं गाणं

‘हल्ली काय ऐकतोयस?’ या प्रश्नाला खरं उत्तर क्वचितच मिळतं. समोर कोण बसलंय ते बघून आपण यादी करतो. ज्या बँडच्या नावाने समोरच्याच्या भुवया वर जातील तो आधी. शाळेत असताना जीव टाकला होता, पण आता सांगायला संकोच वाटतो, तो मागे किंवा यादीबाहेरच. पंक ऐकणाऱ्यांत हे सोवळंओवळं कमी असेल असं वाटतं, पण तिथे ते जास्तच कडक. कोणता बँड खरा पंक, कोणता विकला गेला, कोणाचा पहिला अल्बम चालतो आणि दुसरा नाही, यावर माणसं तासन्‌तास भांडतात. आवडीपेक्षा आवडीची अब्रू सांभाळण्यातच वेळ जातो.

ही अब्रू बिनधास्त बाजूला ठेवणारं एक गाणं मला गेली कित्येक वर्षं सोडवत नाही. बँड मिनिटमेन, गाणं ‘हिस्टरी लेसन, पार्ट टू’, अल्बम ‘डबल निकल्स ऑन द डाइम’, साल १९८४. लांबी जेमतेम सव्वादोन मिनिटं. दोन मित्र कोणाला ऐकत मोठे झाले आणि त्या ऐकण्याने त्यांचं काय झालं, एवढाच त्याचा विषय. एखादा बँड दुसऱ्याला कसा सुचवावा याचा इतका चांगला नमुना माझ्या ऐकण्यात दुसरा नाही.

आधी माणसं. सॅन पीड्रो हे लॉस एंजेलिसचं बंदर. लिहितात पेड्रो, पण गावची माणसं पीड्रो म्हणतात. कागदोपत्री शहराचाच भाग, प्रत्यक्षात हॉलीवूडपासून चाळीसेक किलोमीटर दूर असलेलं गोदी कामगारांचं, मच्छीमारांचं, नौदलाच्या वसाहतींचं वेगळंच गाव. डी. बून आणि माइक वॉट इथे शाळकरी वयात भेटले. भेट कशी, तर बागेतल्या झाडावरून बूनने वॉटच्या अंगावर उडी टाकली. खालून आपला दुसराच मित्र चाललाय असं त्याला वाटलं होतं. बूनच्या आईला पोरांची काळजी. रस्त्यावर उंडारण्यापेक्षा घरात वाजवत बसलेली बरी, म्हणून तिनेच त्यांना बँडचं वेड लावलं आणि वॉटने बास वाजवायचा हेही ठरवून टाकलं. बास म्हणजे काय, हे वॉटला ठाऊक नव्हतं. साध्या गिटारला चारच तारा ठेवल्या की झाला बास, अशा समजुतीत त्याने सुरुवातीचा काळ काढला.

बूनच्या घरी क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हलच्या रेकॉर्डी होत्या, त्यामुळे दोघांची बाराखडी तिथून सुरू झाली. क्रीडन्सचा जॉन फोगर्टी चौकड्यांचे फ्लॅनेलचे शर्ट घालायचा, म्हणून वॉटही घालायला लागला. मग ब्लू ऑयस्टर कल्टसारखे मोठ्या स्टेडियमांत वाजवणारे बँड आले. त्यांची गाणी जशीच्या तशी बसवायची, हाच दोघांचा उद्योग. आपणही गाणं लिहू शकतो हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. रॉक ही लांबून बघायची गोष्ट होती: तिकीट काढायचं, पार मागच्या रांगेत बसायचं आणि स्टेजवर मुंगीएवढी दिसणारी माणसं बघून घरी यायचं.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस हे दोघं हॉलीवूडच्या पंक क्लबांत जाऊ लागले आणि ते अंतरच नाहीसं झालं. वाजवणारा हाताच्या अंतरावर, त्याला वाजवता येतंय की नाही याची फिकीर कोणालाच नाही, आणि कार्यक्रम संपला की तोच माणूस शेजारी उभा. रिअ‍ॅक्शनरीज नावाचा एक बँड काढून झाला. मग १९८० साली मिनिटमेन उभा राहिला. ड्रम्सवर जॉर्ज हर्ली. त्याच वर्षीच्या ‘पॅरानॉइड टाइम’ या पहिल्या छोट्या रेकॉर्डवर सात गाणी, सगळी मिळून सात मिनिटांच्या आत. पुढच्या वर्षीच्या ‘द पंच लाइन’वर १८ गाणी, १५ मिनिटांत. हा धडा त्यांनी लंडनच्या वायर या बँडकडून घेतला होता. वायरच्या १९७७ सालच्या ‘पिंक फ्लॅग’वर २१ गाणी आहेत आणि अख्खी रेकॉर्ड पाऊण तासाच्या बऱ्याच आधी संपते. सांगायचं संपलं की गाणं संपवायचं; कडवं, धृपद, पुन्हा कडवं हा हिशेब कोणाला द्यायचा नाही.

या गाण्याच्या नावात ‘पार्ट टू’ का? तर ‘हिस्टरी लेसन’ नावाचं पहिलं गाणं ‘द पंच लाइन’वर आहे. अर्ध्या-पाऊण मिनिटात ते माणसाने माणसाला मारल्याचा हजारो वर्षांचा इतिहास उरकतं. आवेश मोठा, विषय त्याहून मोठा. तीन वर्षांनी त्याच नावाचा दुसरा भाग येतो आणि त्यात ना युद्ध ना साम्राज्य. त्यात पीड्रोहून गाडी हाकत हॉलीवूडला जाणारी, पिऊन नाचणारी, स्वतःला बावळट म्हणवून घेणारी दोन पोरं आहेत. हाही इतिहासच, आणि शिकवण्याजोगा, असं शीर्षक ठासून सांगतं. अख्ख्या मानवजातीवरून दोन मित्रांवर येणं ही माघार वाटत नाही. तरुणपणी जगाबद्दल बोलणं सोपं असतं; स्वतःबद्दल नीट बोलायला थोडं वय लागतं. हे गाणं लिहिलं तेव्हा वॉट सव्वीस-सत्तावीसच्या आसपास होता.

आता गाण्यातली सगळ्यात सुंदर खोडी. शब्द वॉटचे, पण गातो बून. गाण्यातला ‘मी’ आपला मित्र म्हणून माइक वॉटचं नाव घेतो, पूर्ण, आडनावासकट. म्हणजे वॉटने स्वतःला तिसऱ्या माणसासारखं लिहिलं आणि ते नाव मित्राच्या तोंडी ठेवलं. आपली आठवण आपण सांगायची नाही, जो त्या आठवणीत बरोबर होता त्याने सांगायची. मराठी वाचकाला नाममुद्रा नवी नाही. संतकवी शेवटी आपलं नाव घालतात, आणि जनाबाई तर ‘नामयाची जनी’ म्हणून स्वतःची ओळखच दुसऱ्याच्या नात्याने देते. वॉटची मुद्रा त्या जातीची आहे. तो स्वतःला ओळखतो ते बूनच्या शेजारचा माणूस म्हणून. आणि बून गात असल्याने ऐकणाऱ्याला ही कारागिरी जाणवतही नाही. एक मित्र दुसऱ्याबद्दल सहज बोलतोय असंच वाटतं.

त्यानंतर नावांची रांग येते. गाणं नावांना सुरुवातीपासूनच पुराव्याचा मान देतं, त्यामुळे ती सजावटीला आलेली नाहीत. चार जणांची नावं घेऊन गाणारा म्हणतो की मी हा हा झालो होतो. त्यांच्यासारखा होतो असंही नाही, थेट तोच होतो. आरशासमोर हातात झाडू धरून ज्याने गिटार वाजवलीय त्याला हे वाक्य समजावून सांगावं लागत नाही.

ही चार नावं नीट बघण्याजोगी आहेत. पहिलं एरिक ब्लूमचं, तेही ‘ई. ब्लूम’ असं, रेकॉर्डच्या पाठीवर छापल्यासारखं. ब्लूम हा लाँग आयलंडच्या ब्लू ऑयस्टर कल्टचा गायक-गिटारवादक; म्हणजे पंकने ज्या स्टेडियमवाल्या रॉकविरुद्ध दंड थोपटले, नेमका त्याच गोटातला. दुसरा रिचर्ड हेल: न्यूयॉर्कच्या टेलिव्हिजन या बँडच्या संस्थापकांपैकी एक, पुढे व्हॉइडॉइड्स हा स्वतःचा बँड काढून १९७७ साली ‘ब्लँक जनरेशन’ देणारा. फाटके कपडे सेफ्टीपिनांनी जोडण्याची तऱ्हा न्यूयॉर्कात रुळवणाऱ्यांत त्याचं नाव घेतलं जातं. तिसरा जो स्ट्रमर, लंडनच्या द क्लॅशचा. चौथा जॉन डो, लॉस एंजेलिसच्याच एक्स या बँडचा, म्हणजे पीड्रोच्या पोरांना क्लबात प्रत्यक्ष बघायला मिळणारा.

क्रम असा: लाँग आयलंडचं स्टेडियम रॉक, मग न्यूयॉर्क, मग लंडन, मग घराजवळ. दूरची माणसं आधी, जवळचा शेवटी, आणि पुढचं नाव येतं ते थेट मित्राचं. वॉटने हे ठरवून केलं की ओघात झालं, सांगता येणार नाही, पण ऐकताना ती चाल लागते. दुसरी गोष्ट, हेल आणि डो दोघंही बास वाजवणारे. बास वाजवणारा बँडच्या मागे उभा राहतो, पोस्टरवर त्याचा चेहरा शेवटी येतो. इथे चारात दोन बासवाले आहेत. लिहिणारा कोण आहे, याचा हा दुसरा, न सांगितलेला शिक्का.

आणि सगळ्यात धीट नाव पहिलं. १९८४ साली अमेरिकन हार्डकोर पंकचे नियम घट्ट झाले होते. केस बारीक, वेग प्रचंड, सोलो वर्ज्य, आणि जुन्या रॉकचं नाव काढायचं नाही. वॉटने पुढे सांगितलं आहे की हे गाणं त्याने हार्डकोरच्या पोरांसाठीच लिहिलं. आम्हीही तुमच्यासारखेच आहोत हे त्यांना कळावं म्हणून. त्याच पोरांसमोर यादीची सुरुवात ब्लू ऑयस्टर कल्टने करणं म्हणजे घरातली गोष्ट चारचौघांत सांगणं. पण त्यामुळेच पुढच्या तीन नावांवर विश्वास बसतो. जो माणूस लपवण्याजोगं आधी सांगतो, तो उरलेलं फुगवून सांगत नसावा.

बॉब डिलनचं नावही गाण्यात आहे, पण या रांगेत नाही. तो वेगळा बसवलाय, गोष्ट सांगणाऱ्याच्या जागी. आणि गाणारा स्वतःला त्याचा बालसैनिक म्हणवतो. बाकीचे चौघं म्हणजे आपण जे व्हायला गेलो ते. डिलन म्हणजे ज्याने बोलायला शिकवलं तो. आवडत्या कलावंतांत असे दोन वर्ग प्रत्येकाचे असतात. आपण ते क्वचितच वेगळे करून सांगतो. इथे दोन मिनिटांत ते वेगळे झालेत.

हे सगळं वाजतं कसं? मिनिटमेनची इतर गाणी ऐकून इथवर आलेल्या माणसाला पहिला धक्का बसतो तो लयीचा. गाणं सावकाश चालतं. बूनची गिटार एरवी करवतीसारखी कर्कश असते. मंद्र बाजू त्याने मुद्दाम कापलेली असते, कारण तो पट्टा वॉटच्या बासला मोकळा हवा. गिटारने बासला दाबू नये हा त्या बँडचा संगीतातला राजकीय आग्रह होता. इथे ती गिटार स्वच्छ आहे, सूर एकेक करून सुटे येतात, आणि बास खाली टेकू देत न बसता शेजारून आपली वेगळी वाट चालतो. हर्लीसारखा हात-पाय चहूबाजूंनी चालवणारा ड्रमर इथे आपलं निम्मं सामान गुंडाळून ठेवतो. चाल वेल्व्हेट अंडरग्राउंडच्या १९६८ सालच्या ‘हिअर शी कम्स नाऊ’वरून सुचलेली; म्हणजे एक ऋण शब्दांत न येता सुरांत फेडलंय.

बून अंगाने भलामोठा. स्टेजवर उड्या मारायचा, ओरडून गायचा. इथे तो जवळजवळ बोलतो. नावं घेताना आवाज चढत नाही की गहिवरत नाही. वर्गात हजेरी घ्यावी तशी ती येतात. मधला सोलो छोटा, गुणगुणता येण्याजोगा, आणि कौशल्य दाखवण्याची हौस त्यात कुठेच नाही. भक्तीचं गाणं असून गुडघे टेकलेले नाहीत, ही या गाण्याची खरी गोडी. मोठ्या माणसांची नावं आणि मित्राचं नाव एकाच पट्टीत, एकाच आवाजात येतं. ऐकता ऐकता दोन्ही एकाच उंचीवर येऊन बसतात.

मग गाणं जिथे ठेवलंय ती जागा. ‘डबल निकल्स’ हा दोन रेकॉर्डींचा, ४५ गाण्यांचा अल्बम. आधी एका रेकॉर्डीपुरती गाणी तयार होती. तेवढ्यात त्यांच्याच एसएसटी या रेकॉर्ड कंपनीच्या हस्कर डू या बँडने ‘झेन आर्केड’ हा दोन रेकॉर्डींचा अल्बम केल्याचं कळलं आणि या तिघांनी चुरशीने आणखी दोन डझन गाणी लिहून काढली. खर्च सगळा मिळून अकराशे डॉलरांच्या आसपास. पिंक फ्लॉइडच्या ‘उम्मागुम्मा’वरून कल्पना घेऊन प्रत्येकाने आपापली एक बाजू निवडली: एक बूनची, एक वॉटची, एक हर्लीची. उरलेल्या गाण्यांच्या चौथ्या बाजूला नाव दिलं ‘चॅफ’, म्हणजे भुसा. मिनिटमेनने पिंक फ्लॉइडकडून उसनं घ्यावं, हीदेखील सोवळ्याला लाथच.

‘हिस्टरी लेसन, पार्ट टू’ वॉटच्या बाजूचं शेवटचं गाणं आहे. त्याच्या दोनच गाणी आधी ‘टेक फाइव्ह, डी.’ येतं. त्याची गोष्ट अशी, की वॉटचे शब्द फार अधांतरी असतात, काहीतरी खरं लिही, असं बून त्याला म्हणाला. वॉटने एका घरमालकिणीने भाडेकरूला लिहिलेली, गळक्या शॉवरबद्दलची चिठ्ठीच उचलली आणि तिचं गाणं केलं. खरं हवं ना, घे मग. या थट्टेनंतर एक गाणं सोडून जेव्हा खरोखरीच खरं, नावागावासकट बोलणारं गाणं येतं, तेव्हा कळतं की वॉटने मित्राचं म्हणणं हसण्यावारी नेलं आणि मनावरही घेतलं. तुकड्यातुकड्याने ऐकलं तर ही गंमत हाती लागत नाही. म्हणून हा अल्बम मी बाजूबाजूने ऐकतो. एका बैठकीला एकच बाजू. पंचेचाळीस गाणी सलग ऐकली तर विसाव्या गाण्याला कान थकतो आणि सगळं एकसारखं वाटायला लागतं. बाजू ही निवडणाऱ्याच्या मनाची एक बैठक असते. ती मोडू नये.

शिफारस करण्याची दुसरी पद्धतही याच अल्बमवर आहे: दुसऱ्यांची गाणी वाजवून दाखवणं. बूनच्या बाजूवर क्रीडन्सचं ‘डोन्ट लुक नाऊ’ आहे. भुशाच्या बाजूवर व्हॅन हेलनचं ‘एन्ट टॉकिन’ बाउट लव्ह’ अवघ्या चाळीसेक सेकंदांत उरकलंय आणि स्टीली डॅनचं ‘डॉक्टर वू’ही आहे. क्रीडन्स एकवेळ चाललं असतं. व्हॅन हेलनची चमकधमक आणि स्टीली डॅनचा स्टुडिओत घासूनपुसून काढलेला गुळगुळीतपणा पंकच्या दरबारात अजिबात चालणारा नव्हता. मिनिटमेनने ती गाणी आपल्या मापाने कापून वाजवली. त्यात टिंगल आहे का? थोडी असेल. पण ज्याची टिंगल करायची त्याचं गाणं इतकं पाठ असत नाही.

आता एक उणेपण. ‘हिस्टरी लेसन’मधली सगळी नावं गोऱ्या पुरुषांची आहेत. मिनिटमेनच्या वादनात मात्र फंक आहे, जॅझची मोडतोड आहे, कॅप्टन बीफहार्ट आहे, ब्रिस्टलच्या द पॉप ग्रुपने फंकचं जे चक्काचूर रूप केलं ते आहे. यातलं काहीच नावांच्या यादीत येत नाही. माणूस आपले नायक सांगताना आपले शिक्षक विसरतो, असं म्हणावं लागेल. पण बूनने ही भर दुसरीकडे घातली आहे. हर्लीच्या बाजूवरचं ‘धिस एन्ट नो पिकनिक’ त्याच्या नोकरीतल्या अनुभवावरचं. मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानात काम करताना त्याला रेडिओवर सोल आणि जॅझ ऐकायचं होतं. ते काळ्या लोकांचं संगीत म्हणून वरिष्ठाने लावू दिलं नाही. काय ऐकायचं हे दुसऱ्याने ठरवणं म्हणजे काय, ते त्या चिडलेल्या गाण्यात कळतं. दोन्ही गाणी शेजारी ठेवून ऐकली की चित्र पुरं होतं: एकात ऐकण्याने मोकळा झालेला माणूस, दुसऱ्यात ऐकू न दिल्याने पेटलेला.

माझ्यापर्यंत हे गाणं उशिरा आणि आडवाटेने आलं. मुंबईत रॉक ऐकणारी आमची पिढी धोबी तलावच्या रंगभवनात ‘इंडिपेंडन्स रॉक’ला गर्दी करायची आणि काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमध्ये खिशात पैसे नसतानाही तासभर कॅसेटी उलटसुलट करायची. आमच्या कंपूत डीप पर्पल, पिंक फ्लॉइड, आयर्न मेडन ही पूज्य मंडळी. पंक म्हणजे वाजवता न येणाऱ्यांचा गोंगाट, असं ठरलेलं. एका मित्राने भरून दिलेल्या कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला, शेवटी जागा उरली म्हणून, हे गाणं होतं. कागदावर बँडचं नाव, आणि खाली त्याच्या अक्षरात एवढंच: ‘ब्लू ऑयस्टर कल्ट आवडतं ना? मग ऐक.’ ब्लू ऑयस्टर कल्टचा आणि या गाण्याच्या आवाजाचा काडीचा संबंध नाही. पण त्याने बरोबर दार शोधलं होतं. मला काय आवडतं हे त्याला माहीत होतं, आणि गाण्यात ते नाव आहे हेही. यंत्राने सुचवलेलं गाणं आधीच्या गाण्यासारखं वाजतं. माणसाने सुचवलेलं तसं वाजेलच असं नाही, कारण त्याने आवाज जुळवलेला नसतो, ऐकणारा जुळवलेला असतो.

तेव्हापासून कोणी बँड सुचव म्हटलं की मी याच गाण्यापासून सुरुवात करतो. ते आवडलं तर वाट आपोआप फुटते. स्ट्रमरच्या नावावरून द क्लॅशचा ‘लंडन कॉलिंग’, डोच्या नावावरून एक्सचा १९८० सालचा ‘लॉस एंजेलिस’, हेलवरून ‘ब्लँक जनरेशन’, आणि नाव न घेतलेल्यांत वायरचा ‘पिंक फ्लॅग’. क्रीडन्स शेवटी ऐकावं. सगळा गोंधळ ऐकून झाल्यावर फोगर्टीकडे आलं की पीड्रोच्या पोरांना त्या साध्या, ठाम गिटारमध्ये काय सापडलं होतं ते कळतं. ज्याला ब्लूमचं नाव खटकतं त्याला मी मुद्दाम ब्लू ऑयस्टर कल्ट ऐकवतो. वाद होतो, आणि व्हावाच.

गाण्याचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं, कारण या गाण्याच्या बाबतीत तो रसग्रहणाचाच भाग आहे. २२ डिसेंबर १९८५ रोजी अ‍ॅरिझोनात गाडीच्या अपघातात बून गेला, सत्ताविसाव्या वर्षी. त्याच महिन्यात आलेल्या ‘थ्री-वे टाय’ या शेवटच्या अल्बमवर ब्लू ऑयस्टर कल्टचं ‘द रेड अँड द ब्लॅक’ आणि क्रीडन्सचं एक गाणं आहेच. शेवटपर्यंत नावं घेणं चालू होतं. पुढचा अल्बम श्रोत्यांना विचारून करायचा बेत होता. आमची कोणती गाणी थेट कार्यक्रमातली ऐकायला आवडतील, अशा मतपत्रिका त्यांनी मागवल्या होत्या. बून गेल्यावर वॉट आणि हर्लीने त्या मतांवरून जुनी ध्वनिमुद्रणं निवडली आणि १९८७ साली ‘बॅलट रिझल्ट’ काढला. बँडने आयुष्यभर इतरांची गाणी सुचवली. अखेरीस ऐकणाऱ्यांनी बँडला त्याचीच गाणी सुचवली.

मायकल अझेराड यांनी १९८०च्या दशकातल्या १३ भूमिगत अमेरिकन बँडवर लिहिलेलं पुस्तक २००१ साली आलं. त्याचं शीर्षक या गाण्याच्या पहिल्या ओळीतून घेतलंय. त्या ओळीत ऐकणाऱ्याला एक आश्वासन आहे: आमच्या आणि तुझ्यात भिंत नाही, आमच्या जागी तू असू शकतोस. अशी आश्वासनं रॉकमध्ये पुष्कळ दिली जातात आणि ऐकणारा ती टाळ्यांसोबत विसरून जातो. हे आश्वासन मात्र कोणीतरी शब्दशः घेतलं.

बूनच्या जाण्याने वॉट पार खचला होता, बास हातात घेत नव्हता. तेव्हा एड क्रॉफर्ड नावाचा ओहायोतला एक मिनिटमेनवेडा पोरगा, वॉट गिटारवाला शोधतोय अशी खोटीच बातमी ऐकून थेट सॅन पीड्रोला येऊन थडकला. वॉटने आणि हर्लीने त्याला बरोबर घेतलं. १९८६ साली फायरहोस हा नवा बँड झाला. नाव डिलनच्या एका गाण्याच्या चित्रफितीवरून, म्हणजे गोष्ट सांगणारा इथेही हजर. हा बँड १९९४ पर्यंत चालला. १९९१ सालच्या अल्बमचं नाव ‘फ्लायिन’ द फ्लॅनेल’. फोगर्टीचा शर्ट असा झेंडा होऊन फडकला. आणि त्याआधीच्या, १९८९ सालच्या अल्बमचं नाव ‘फ्रॉमओहायो’. कुठून तरी ऐकून आलेल्या एका श्रोत्याचा पत्ता त्यांनी रेकॉर्डच्या कव्हरवर छापला.